कुलूप एक, वह्या दोन

निरपराध माणसावर आळ घेण्यास फार मोठे कारण लागते असे नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटलेली एक ओळ त्यासाठी पुरेशी होते, हे मी स्वानुभवाने शिकलो. तो अनुभव सांगताना आजही मनाला संकोच वाटतो. परंतु आपल्या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरी, दुकानांत, कचेऱ्यांत आणि मंडळांच्या कार्यालयांत आता दोन-चार संगणक एकमेकांना जोडलेले असतात. आमच्या शाळेत जे घडले ते तेथेही घडू शकेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

अंबरपेठेतील ज्या सरकारी शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून काम पाहतो, तिच्या संगणकखोलीच्या कोपऱ्यात एक जुना संगणक दिवसभर चालू असतो. त्याच्यापुढे सहसा कोणी बसत नाही. शाळेची सारी कागदपत्रे मात्र त्याच्या पोटात असतात. कार्यालयातील, माझ्या खोलीतील आणि शिक्षकांच्या खोलीतील संगणक तारेने त्याला जोडलेले असून, प्रत्येकाला आपल्या जागेवरून त्यातील कागद उघडता येतात, दुरुस्त करता येतात आणि पुन्हा जागेवर ठेवता येतात. अशा यंत्राला फाइल सर्व्हर म्हणतात. मी त्याला सामायिक कपाट म्हणतो. या कपाटाला खण आहेत: एक कार्यालयाचा, एक परीक्षेचा, एक शिक्षकांचा. कोणी कोणता खण उघडावा, हे त्या माणसाचे नाव आणि त्याचा परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, यांवरून ठरते.

हे कपाट आमच्याकडे उभे केले ते एका तरुण संगणक शिक्षकाने. नेमणूक कंत्राटी, मानधन बेताचे. परंतु हौस दांडगी. मोडीत काढण्याच्या यादीत गेलेला एक संगणक त्याने मागून घेतला, त्यावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली बसविली, आणि सांबा नावाच्या तितक्याच विनामूल्य प्रोग्रामच्या साहाय्याने सर्वांचे कागद एका जागी आणले. शाळेचा एक रुपयाही खर्च झाला नाही. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये त्याचे कंत्राट संपले, आणि ते पुढे चालू ठेवणे माझ्या हाती नव्हते. जाताना त्याने एक बंद लखोटा माझ्या हाती दिला. "सर, हा जपून ठेवा. कधीतरी लागेल," एवढेच तो म्हणाला. मी तो कपाटात, खऱ्या लोखंडी कपाटात ठेवला आणि विसरून गेलो.

१२ जूनला शाळा उघडली. उन्हाळ्याच्या सुटीत कार्यालयाला नवा संगणक मिळाला होता आणि जुना अडगळीत गेला होता. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे पालक टी.सी. आणि बोनाफाइड दाखल्यांसाठी व्हरांड्यात उभे होते. आमच्या कारकुनांनी नव्या संगणकावरून सामायिक कपाट उघडावयास घेतले. नाव विचारले गेले, ते दिले. पासवर्ड विचारला गेला, तोही दिला. उत्तर आले की, वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. दहा वेळा टंकून पाहिले, दहाही वेळा तेच उत्तर. नावांतील दुरुस्त्या, जन्मतारखांची पडताळणी, वर्षभराचे अंतर्गत गुण, असे सारे काम त्या बंद खणात अडकून पडले. पालकांना उद्या येण्यास सांगावे लागले. त्यांपैकी कित्येकजण रोजंदारीवर काम करणारे. त्यांचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी.

मग आम्ही संगणकखोलीत गेलो. वीज गेल्यास ते यंत्र रीतसर बंद करता यावे, म्हणून कारकुनांना तेथे बसून आत शिरण्याची मुभा दिलेली होती. त्यांनी तेच नाव, तोच पासवर्ड त्या यंत्रावर टंकला, आणि ते विनासायास आत गेले. आत जाऊन उपयोग काहीच झाला नाही. कार्यालयाचे कागद त्या यंत्राच्या कोणत्या कोनाड्यात आहेत, हे आम्हां कोणालाच सापडेना. परंतु एक गोष्ट माझ्या मते सिद्ध झाली. पासवर्ड बरोबर आहे, मग दार का उघडत नाही? कोणीतरी कुलूप बदलले असले पाहिजे. आणि कुलूप बदलण्याची विद्या शाळेत एकालाच अवगत होती.

शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "जाता जाता किल्ली फिरवून गेलेला दिसतो." वाक्य एकच, पण ते मुख्याध्यापकाच्या तोंडचे. तीन दिवसांत ते शाळाभर झाले, आणि चौथ्या दिवशी ज्याच्याविषयी ते बोलले गेले होते त्याच्यापर्यंत पोहोचले. मराठीत चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची म्हण आहे. ती मी वर्गात कित्येकदा समजावून सांगितली असेल. तिचा अर्थ मात्र मला त्या आठवड्यात कळला.

तो शनिवारी स्वतःहून आला. आळ आला म्हणून रागावला नाही, निदान तसे त्याने दाखविले नाही. खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्याने विचारले, "सर, गेल्या काही महिन्यांत कोणी पासवर्ड बदलला होता का?" कारकुनांनी काही न बोलता फाइलीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मार्च महिन्यातील परिपत्रक होते ते. सर्वांनी सुरक्षिततेसाठी आपापले पासवर्ड त्वरित बदलावेत आणि जुन्या पासवर्डाच्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात, असा त्याचा मजकूर होता. खाली स्वाक्षरी माझी होती.

कारकुनांनी आज्ञेचे तंतोतंत पालन केले होते. ते संगणकखोलीत गेले, त्या यंत्रावर आपला पासवर्ड बदलला आणि जुनी चिठ्ठी फाडून टाकली. "पण मग मार्च-एप्रिलमध्ये काम कसे चालले?" मी विचारले. तो म्हणाला, "सर, तुमचा जुना संगणक जुनाच पासवर्ड पाठवीत होता. त्याने तो लक्षात ठेवला होता. नव्याला तो कोणी सांगितलाच नाही." मग त्याने लखोटा मागितला. तो शोधण्यास मला अर्धा तास लागला. आत एकच कागद होता. त्यावर यंत्राच्या व्यवस्थापकाचे नाव, त्याचा पासवर्ड आणि सुवाच्य अक्षरांत पाच सूचना होत्या. तिसरी सूचना अशी: "या यंत्रात पासवर्डाच्या दोन वह्या आहेत. एक बदलली म्हणजे दुसरी बदलत नाही."

पुढचे काम पाच मिनिटांचे होते.

दोन वह्या कशासाठी?

माझे शिक्षण मराठी साहित्याचे. एका यंत्राला दोन वह्या लागाव्यात, हे मला प्रथम विचित्र वाटले. परंतु त्या तरुणाने समजावून दिले आणि पुढे मी स्वतः काही वाचले, तेव्हा ध्यानात आले की यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

संगणकावर पासवर्डाची पद्धत रूढ झाली ती १९६०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एक अवजड यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही योजना केली. सर्वांचे पासवर्ड एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली एक गंमत झाली. दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच दिसू लागली. पहारेकऱ्याने परवलीचे शब्द वेशीवर टांगावेत, तसा तो प्रकार होता.

यावर जो उपाय निघाला तो आपल्या घरातील जात्यासारखा आहे. गहू दळून पीठ करता येते. पिठापासून पुन्हा गहू करता येत नाही. पासवर्डही गणिताच्या जात्यावर असा दळावयाचा की, मूळ शब्द त्यातून परत मिळू नये, आणि वहीत केवळ पीठ ठेवावयाचे. माणूस पुन्हा आला की, त्याने सांगितलेला शब्द त्याच जात्यावर दळावयाचा आणि दोन्ही पिठे ताडून पाहावयाची. जुळली तर आत, न जुळली तर बाहेर. युनिक्स या कार्यप्रणालीत अशी पद्धत होती. तिच्यातील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो आजही आधारभूत मानला जातो. दोन माणसांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे, म्हणून दळताना प्रत्येकाच्या घासात निराळी चिमूटभर भर घालावी, असे त्यात सांगितले आहे. या भरीला त्या शास्त्रात खरोखरच 'मीठ' म्हणतात. लिनक्स ही याच परंपरेतली.

आता दुसरे जाते. संगणकांनी तारेवरून एकमेकांचे कागद मागावेत, यासाठीची एक बोली १९८०च्या दशकात आयबीएम या कंपनीत तयार झाली. तिचे नाव एसएमबी. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढविली, आणि विंडोजच्या प्रसाराबरोबर ती कचेरी-कचेरीत पोहोचली. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल या तरुणाने ही बोली तारेवर चाललेले संभाषण ऐकून ऐकून जाणून घेतली आणि युनिक्सला ती शिकविली. आपल्या प्रोग्रामला त्याने प्रथम दिलेले नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचे निघाले. तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने ज्यात येतील असा शब्द त्याने कोशात शोधला. तो शब्द सांबा, ब्राझीलच्या नृत्याचे नाव. तेव्हापासून हा प्रोग्राम जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढविला असून, तो कोणालाही विनामूल्य मिळतो. आमच्यासारख्या शाळेला परवडला तो त्यामुळेच.

विंडोजचे पासवर्ड दळण्याचे जाते मात्र स्वतःचे, निराळ्या घडणीचे आहे. त्याच्या पिठात मीठही नाही. शिवाय पासवर्ड विचारण्याची रीतही वेगळी. सर्व्हर आलेल्याला एक यादृच्छिक संख्या देतो. आलेल्याने आपल्याकडील पीठ त्या संख्येत कालवून उत्तर पाठवावयाचे. सर्व्हरने आपल्या वहीतील पिठाने तेच करून पाहावयाचे. यात खुद्द पासवर्ड तारेवरून कधीच जात नाही, हा मोठाच लाभ आहे. परंतु यासाठी सर्व्हरकडे विंडोजच्या जात्याचे पीठ असले पाहिजे. लिनक्सच्या वहीतील पीठ येथे निरुपयोगी, आणि त्यापासून गहू परत मिळत नसल्याने ते दुसऱ्या जात्यावर दळताही येत नाही. म्हणून सांबाला स्वतःची दुसरी वही ठेवावी लागते.

आरंभी ही अडचण जाणवत नसे, कारण त्या वेळचे विंडोज संगणक पासवर्ड उघडाच पाठवीत, आणि आलेला शब्द लिनक्सच्या जात्यावर दळून पाहता येई. १९९७ साली विंडोज एनटीच्या एका सुधारणेपासून पासवर्ड उघडा पाठविणे बंद झाले, आणि बरोबर पासवर्ड देऊनही सांबाचे दार उघडेना. पुष्कळ व्यवस्थापकांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल. आमच्या कारकुनांची फसगत त्याच जातीची. त्यांनी पहिल्या वहीत नवा शब्द दळला. दुसऱ्या वहीत जुन्या शब्दाचे पीठ तसेच राहिले. संगणकखोलीतील दार पहिली वही पाहते, तारेवरचे दार दुसरी. कुलूप कोणीही बदलले नव्हते.

दुसरी वही बदलण्याची आज्ञा एस, एम, बी या तीन अक्षरांनी सुरू होते आणि पासवर्ड या शब्दाच्या संक्षेपाने संपते. व्यवस्थापकाने ती त्या माणसाच्या नावासह दिली, म्हणजे जुना पासवर्ड ठाऊक नसतानाही नवा नोंदविता येतो. अट इतकीच की, त्या नावाचे खाते लिनक्समध्येही असले पाहिजे. आणि एकाच आज्ञेने दोन्ही वह्या बदलाव्यात अशी सोय सांबात करून ठेवता येते. मात्र बदल सांबाच्या बाजूने केला तरच. आम्ही आता ती करून घेतली आहे.

तपासाचा क्रम

त्या शनिवारी मी त्याला विचारले की, पुन्हा असे झाल्यास आम्ही काय पाहावे? त्याने सांगितलेला क्रम मी लिहून घेतला, आणि पुढील दोन वर्षांत त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली. तो येथे देतो. क्रमाचे महत्त्व असे की, सोपे ते आधी पाहावे आणि माणसावरचा संशय अगदी शेवटी.

प्रथम कळफलक पाहावा. पासवर्ड टंकताना पडद्यावर केवळ ठिपके दिसतात. त्यामुळे मोठ्या अक्षरांची कळ दाबली गेली असल्यास कळत नाही. आपल्या मंडळींत आणखी एक घोटाळा संभवतो. मराठीत पत्र टंकून झाल्यावर कळफलक मराठीवरच राहतो. इन्स्क्रिप्ट रचनेत 'के' या कळीवर सुदैवाने क आहे, पण 'एच'वर प आहे आणि 'एल'वर त. आपण समजतो एक आणि जाते भलतेच. पासवर्ड एकदा कोऱ्या पानावर टंकून पाहावा, वाचावा आणि पुसून टाकावा.

दुसरे, आपण पासवर्डच देत आहोत ना? हल्ली संगणक सुरू करताना चार-सहा आकडी पिन पुरतो. तो पिन त्या एका संगणकापुरता असतो. तारेपलीकडच्या सर्व्हरला तो ठाऊक नसतो. घरात एका संगणकावरील छायाचित्रे दुसऱ्यावरून पाहू जाणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते.

तिसरे, नाव. नव्या संगणकावर आपण ज्या नावाने बसतो, तेच नाव तो न विचारता सर्व्हरला सांगून मोकळा होतो. आणि सर्व्हरवर आपले नाव दुसरेच असते. अशा वेळी आधी सर्व्हरचे नाव, मग डावीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि मग तेथील आपले नाव, असे पूर्ण लिहावे. नाव चुकले की पासवर्ड चुकला, हे पडद्यावरील संदेश सांगत नाही. हे मुद्दामच आहे. चोराला निम्मे उत्तर मिळू नये म्हणून. व्यवस्थापकाला मात्र सर्व्हरच्या नोंदवहीत ते वेगवेगळे वाचता येते. नोंदवही आधी पाहिली असती, तर आमचा आठवडा वाचला असता.

चौथे, संगणकाची स्मरणशक्ती. विंडोजमध्ये जपून ठेवलेल्या नावा-पासवर्डांची एक जागा असते. नियंत्रण पटलात तिला क्रेडेन्शियल मॅनेजर असे नाव आहे. तेथील जुनी नोंद काढून टाकल्याशिवाय काही वेळा नवा पासवर्ड विचारलाच जात नाही. तसेच एका संगणकावरून एकाच सर्व्हरकडे एकाच वेळी दोन निरनिराळ्या नावांनी जाता येत नाही. कारकुनांच्या संगणकावर शिक्षक आपला खण उघडू गेले की अडतात ते यामुळे. आधीची जोडणी तोडावी, मग दुसरी करावी.

पाचवे, दोन वह्या. त्याविषयी वर विस्ताराने लिहिलेच आहे.

सहावे, दार आणि खण यांतील भेद. पासवर्ड स्वीकारला जाऊन नंतर परवानगी नाही असे उत्तर आले, तर पासवर्ड निर्दोष आहे हे जाणावे. दोष अधिकारांच्या यादीत आहे. तेथे पासवर्ड बदलत बसणे म्हणजे पाय दुखत असता डोक्याला तेल लावणे.

सातवे, यंत्रांचे वय. जुनी झेरॉक्स यंत्रे छायाप्रत सरळ सर्व्हरवर पाठवितात, आणि एक दिवस अचानक तक्रार करू लागतात. पासवर्ड तोच असतो. बोलीची जुनी आवृत्ती आता सर्व्हरने सोडलेली असते. विंडोज १० च्या २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून ती जुनी बोली नव्याने बसविताना दिली जात नाही, आणि सांबानेही २०१९ मध्ये ती आपणहून बोलणे थांबविले. हिशोब एवढाच की, जुने यंत्र बदलावे किंवा सुधारावे. सर्व्हरला पुन्हा जुनी बोली बोलावयास लावू नये.

दार सताड उघडे ठेवण्याचा मोह

"मग पासवर्डच काढून टाका ना," असे मी त्या शनिवारी म्हणालो होतो. वैतागलेल्या माणसाला हा उपाय हटकून सुचतो, आणि पुष्कळ कार्यालयांनी तो केलेलाही आहे. त्या तरुणाने तेवढे एक ऐकले नाही.

त्याचे कारण १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाचा एक घातक प्रोग्राम याच बोलीच्या जुन्या आवृत्तीतील छिद्रातून यंत्रायंत्रांत शिरला, कागदपत्रे कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी खंडणी मागू लागला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलीस खात्याच्या काही संगणकांनाही त्याची झळ पोहोचली. त्याला आत शिरण्यास पासवर्ड लागला नाही, हे खरे. जुने छिद्र पुरले. पण धडा एकच आहे. तारेवर उघडे ठेवलेले दार केवळ आपल्या माणसांसाठी उघडे नसते. सामायिक कपाटात मुलांच्या जन्मतारखा, पत्ते, आधार क्रमांक असतात. ते आपले नव्हेत, आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेले आहेत.

माझ्या परिपत्रकाविषयीही एक कबुली दिली पाहिजे. ठरावीक मुदतीने सर्वांनी पासवर्ड बदलावेत, हा एके काळचा सर्वमान्य उपदेश होता आणि मी तो भक्तिभावाने अमलात आणला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ सालीच तो मागे घेतला, कारण वारंवार बदलावयास लावले की माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवितात किंवा चिठ्ठी कळफलकाखाली ठेवतात. पासवर्ड उघड झाल्याचा संशय असेल तर तत्काळ बदलावा. एरवी तो लांब असावा आणि एका जागेचा दुसऱ्या जागी वापरू नये, हे बरे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तरी चांगला लांब पासवर्ड होतो आणि लक्षातही राहतो. मुलांची नावे आणि जन्मसाले मात्र टाळावीत. ती सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडीतील कागद ट्रंकेत पडून आहेत. ट्रंकेला कुलूप नाही, तरी कागद बंदच आहेत, कारण वाचणारा उरला नाही. आजच्या आपल्या कागदांची गत याच्या उलट होऊ घातली आहे. वाचणारे पुष्कळ आहेत, पण किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात आहे. मंडळाची सभासदयादी, घराच्या खरेदीखताची प्रत, मुलांची प्रमाणपत्रे ज्या यंत्रात असतील, त्याच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड एका कागदावर लिहून, लखोट्यात घालून, जबाबदार माणसाच्या हाती असावा. आणि त्या जबाबदार माणसाने, माझ्याप्रमाणे न वागता, तो लखोटा कोठे आहे हे ध्यानात ठेवावे.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत, जेथे ते वाक्य बोललो होतो तेथेच, मी सर्वांसमक्ष सांगितले की दोष माझ्या परिपत्रकाचा होता, आणि किल्ली फिरविल्याचा आरोप खोटा होता. कारकुनांची वेगळी माफी मागितली. त्यांनी तो कागद पहिल्याच दिवशी मला दाखविला नाही याचे कारण मी विचारले नाही, कारण ते मला समजले होते. त्या तरुणाला पत्र लिहिले, आणि त्यासोबत शाळेच्या कागदावर त्याने केलेल्या कामाचा दाखलाही दिला. तो दाखला मी एप्रिलमध्येच, त्याने न मागता द्यावयास हवा होता.

आता दर वर्षी शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे, कारकून आणि मी, संगणकखोलीत बसतो. लखोटा फोडतो, त्यातील पासवर्डाने यंत्र उघडते की नाही ते पाहतो, दोन्ही वह्यांतील नावे ताडतो आणि नव्या लखोट्यात कागद घालून त्यावर तारीख व दोघांच्या सह्या करतो. पाऊण तासाचे काम आहे. त्यानंतर व्हरांड्यातील पालकांना उद्या या, असे सांगण्याची वेळ आमच्यावर आलेली नाही.